पेवाची जांभई

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या शेंगा राखत बसलो होतो. "तुम्ही पूर्वी खेड्यापाड्यांतून विज्ञानाची गमतीदार व्याख्यानं द्यायचात असं ऐकतो, त्यातलं काही खुसखुशीत आमच्या दिवाळी अंकासाठी लिहून द्यावं," असं त्यात होतं. खुसखुशीत हा शब्द खरं तर चकलीला शोभतो. माझ्या व्याख्यानांनाही एके काळी शोभायचा, हे नाकारत नाही. पण त्यातल्या एका व्याख्यानापायी एक माणूस जिवानिशी गेला, आणि तेवढं गाळून बाकीचं लिहिणं मला जमणार नाही. तेव्हा गंमत आधी लिहितो आणि ते नंतर. छापायचं की नाही ते संपादकांनी बघावं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी नगरच्या एका ग्रामसुधार मंडळीत प्रचारक होतो. मंडळी आता उरली नाही, तिचं नाव लिहून उपयोग नाही. प्रचारकाचं काम म्हणजे आठवड्याचा बाजार गाठायचा, माणसं जमवायची आणि पाणी उकळून प्या, पटकीची लस टोचून घ्या, पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवू नका, असं शहाणपण सांगायचं. बाजारात माणूस मिरच्या घ्यायला येतो, शहाणपण घ्यायला येत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं. सुरुवातीला माझ्याकडे मॅजिक लँटर्न होता. काचेवरची चित्रं पडद्यावर हत्तीएवढी दिसायची आणि तेवढ्यावर गर्दी जमायची. मग रॉकेलवर नियंत्रण आलं आणि लँटर्न फडताळात गेला. उरली एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात दोन काचेचे पेले, मेणबत्त्या, खायच्या सोड्याचा डबा, चार लिंबं आणि एक भिंग. बाकी सगळा भार माझ्या तोंडावर.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि आमच्या घरात देवाइतकाच व्याकरणाचा धाक होता. त्यामुळे बोलणं शुद्ध होतं, चेहरा गंभीर होता, आणि याच दोन गोष्टींनी मला बाजारात तारलं. झालं असं, की एका सकाळी बायकोनं दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि मी वर्तमानपत्र वाचत बसलो. दूध उतू गेलं. ती धावत आली तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "हे बघ, नजरेला वजन असतं. माणूस बघत असतो तोवर ते वजन सायीवर पडतं आणि दूध दबून राहतं. नजर उचलली की ते वर आलंच. यात माझा दोष नाही, हा पदार्थाचा धर्म आहे."

"मग माझी नजर तुमच्यावर असते तेव्हा तुम्ही दबून का राहत नाही?" असं म्हणून तिनं मला चूल सारवायला लावली.

चूल सारवता सारवता मला माझा धंदा सापडला. पुढच्या बाजारी मी ट्रंकेवर उभा राहिलो आणि हाच सिद्धांत खणखणीत आवाजात मांडला. भाजीवाल्या बायका थांबल्या. एका म्हातारीनं विचारलं, "आन येका डोळ्यानं आंधळं आसलं तर वो?" मी क्षणभर विचार केल्यासारखं करून म्हणालो, "तर दूध अर्धंच उतू जातं." त्यावर जो हशा उठला तो ऐकून पलीकडच्या कासारानं दुकान सोडलं आणि तोही येऊन उभा राहिला. हसू ओसरायच्या आत मी म्हणालो, "हे झालं खोटं. आता खरं ऐका." मग सायीचं झाकण कसं बसतं, खाली वाफ कशी कोंडते, ती झाकण उचलून कशी वर येते, ते सांगितलं. आणि तिथूनच विचारलं, की दूध न उकळता पीत नाही, मग पावसाळ्यातलं विहिरीचं पाणी तसंच कसं पिता? लोक ऐकत उभे होते. उकळलेल्या पाण्याबद्दल लोकांना ऐकत उभं राहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

मग मला चटकच लागली. बैल घराकडे परतताना झपझप का चालतात? कारण गोठ्यात आकर्षणशक्ती असते आणि ती आतल्या कडब्याच्या पेंढ्यांच्या प्रमाणात वाढते. शेजाऱ्याकडे पेंढ्या जास्त असतील तर बैल चुकून तिकडे वळतात. विहिरीत ओरडलं की तोच आवाज परत का येतो? विहिरीला कमी ऐकू येतं, म्हणून ती "असंच म्हणालात ना?" अशी खात्री करून घेते. भाकरी का फुगते? एका बाजूला चटका बसतो, मग उलटल्यावर दुसरीला बसतो, आणि दोघी एकमेकींशी बोलेनाशा होतात म्हणून मधे पोकळी पडते. यावर राशीनच्या बाजारात एका बाईनं मला विचारलं, "मास्तर, तुमच्या घरची फुगती का?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे बोलणं अखंड चालू असतं."

फजितीही व्हायची. वाऱ्यानं दार धाडकन का आपटतं, हा माझा हातखंडा विषय होता. तो मी एकदा शिंगणापुराकडच्या एका वस्तीवर अगदी रंगात येऊन सुरू केला. लोक मख्खपणे बघत राहिले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, आमच्याकडं घरास्नी दारंच न्हाईत. वारा आपटत न्हाई, सरळ आत येऊन बसतो." मी ट्रंक आवरली.

आणि माठातलं पाणी गार का होतं, यावर मला खोटं रचताच आलं नाही. माठाला घाम येतो, असं म्हणून गेलो आणि लक्षात आलं की हे जवळजवळ खरंच आहे. तो विषय मी सोडून दिला. खोटं हे खऱ्यापासून चांगलं हातभर लांब ठेवावं लागतं, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही वेगळी दिसतात. हे मला तेव्हाही कळत होतं. मी अगदीच बेसावध माणूस नव्हतो, हे सांगण्यासाठी लिहितोय, आणि त्यानं माझा दोष कमी होत नाही, वाढतो.

रीत अशी होती: आधी खोटं, मग हसू, मग खरं. हा क्रम पुढे मी उलटा केला. खरं आधी सांगायचो, आणि कुणी उरलं तर गंमत नंतर. गर्दी निम्म्यावर आली, मंडळीचे चिटणीस नाराज झाले, पण नोकरी संपेपर्यंत मी तो क्रम बदलला नाही. ज्या दिवसांबद्दल लिहितोय त्या दिवसांत मात्र खोटं आधी असायचं.

आता पेवाबद्दल. हल्लीच्या वाचकांनी पेव पाहिलं नसेल. कठीण मुरमाड जमिनीत खड्डा खणायचा, तोंड एका माणसाला उतरता येईल एवढंच, पोट मात्र रांजणासारखं मोठं. आतून कडब्याचं अस्तर लावायचं, वर माणूसभर जागा सोडून ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. सुगीला बंद केलेलं पेव श्रावण-भाद्रपदात घरातला दाणा संपला की उघडतात. इतके महिने कोंडलेलं धान्य आत श्वास घेत असतं, आणि त्यातून जो वायू निघतो तो हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा तळाशी, दाण्यावर साचतो. तो दिसत नाही. त्यात माणूस उतरला तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

आमच्या भागातल्या लोकांना हे आपल्या परीनं ठाऊक होतं. पेव उघडलं की दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडायचे. दिवा विझला तर म्हणायचे, "आत काईतरी बसलंय." मग तोंडाशी नारळ ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर येईपर्यंत पेवाकडे कुणी फिरकायचं नाही. तेवढ्या वेळात वायू थोडाफार निघून जायचा. पुन्हा दिवा सोडायचा; राहिला तर उतरायचं. कारण चुकीचं, पण वागणं बरोबर. मला त्या वेळी फक्त चुकीचं कारण दिसलं.

एका गावी पेवात माणूस दगावला, म्हणून मंडळीनं मला सांगितलं की या पावसाळ्यात पेवांबद्दल बोला. मी काष्टीच्या बाजारापासून सुरुवात करायचं ठरवलं. काष्टीला मी पंधरवड्यातून एकदा जायचो. नगरहून आगगाडीनं जायचं, स्टेशनावर सावळेरामची बैलगाडी ठरलेली. सावळेराम बोलायला कमी आणि ऐकायला पक्का. माझी सगळी व्याख्यानं त्याला पाठ होती, कुठं हसायचं तेसुद्धा.

त्या दिवशी गुरांचा बाजार जोरात भरला होता. मी ट्रंकेवर चढलो आणि विचारलं, "पेवात दिवा का विझतो?"

"आत बसलेलं आसतंय कायबाय," दोघा-तिघांनी एकदम सांगितलं.

"कुणी बसलेलं नसतं," मी म्हणालो. "तुम्ही सहा महिने गाढ झोपलात आणि कुणी तोंडावरचं पांघरूण ओढलं, तर काय कराल?"

"शिव्या दिऊ."

"त्याच्या आधी?"

"जांभई," पुढे उभा असलेला एक माणूस म्हणाला. तिशीतला असेल, अंगानं सडपातळ, खांद्यावर बैलाचे नवे गोंडे टाकलेले. हसायला तो आधीच तयार होता. असा एक माणूस गर्दीत असला की व्याख्यात्याचं निम्मं काम होतं.

"शाब्बास. पेवही जांभई देतं. त्या वाऱ्यानं दिवा विझतो." असं म्हणून मी कानापर्यंत तोंड उघडून एक लांबलचक जांभई दिली. जांभई एकाला आली की दुसऱ्याला येते. पहिल्या रांगेतले चार-पाच जण खरोखरच जांभया द्यायला लागले, त्यांना बघून मागचे, आणि बघता बघता अख्खी गर्दी एकीकडे जांभया देत होती आणि एकीकडे पोट धरून हसत होती. इतकं हसू मी कुठल्याच बाजारात पिकवलं नव्हतं.

"मास्तर," गोंडेवाला डोळे पुसत म्हणाला, "किती येळा देतंय वो जांभई?"

"एकदाच," मी म्हणालो. "एकदा दिली की जागं झालं. दोनदा दिली, तर समजा ज्वारी आळशी आहे."

पुन्हा हशा. आणि त्या हशातच गुरांच्या बाजारातून एक खोंड दावं तोडून सुटलं आणि थेट आमच्याकडे आलं. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. गाडग्यांच्या दुकानात गोंधळ झाला. मीही ट्रंकेवरून उडी मारून सावळेरामच्या गाडीत चढलो. खोंड पलीकडे निघून गेलं, त्याच्यामागे त्याचा मालक गेला, आणि थोड्या वेळानं सगळं निवळलं.

यानंतर काय झालं ते मी नीट लिहितो, कारण इथे सबब सांगायला जागा आहे असं वाचकाला वाटेल. ती नाही. पंधरा-वीस माणसं परत आली होती. गोंडेवाला त्यांच्यात होता, काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. ट्रंक गाडीत चढवलेली होती, पण बांधलेली नव्हती. सावळेराम मला म्हणाला, "मास्तर, खरं ऱ्हायलंय की सांगायचं."

मला माहीत होतं. पण हसू इतकं भरघोस पिकलं होतं, की त्यावर जड वायू आणि तळ आणि घोंगडीनं वारा घालणं हे सगळं रटाळ बोलायचं माझ्या जिवावर आलं. लोकांनी हसतच घरी जावं असं मला वाटलं. मी म्हणालो, "आगगाडीची वेळ झाली. पुढच्या बाजारी सांगू." गाडीला चांगला तासभर अवकाश होता. तो तास मी स्टेशनावर चहा पीत काढला, आणि त्या चहाच्या वेळी माझ्याइतका खूश माणूस त्या फलाटावर दुसरा नव्हता.

पंधरा दिवसांनी मी परत काष्टीला उतरलो. सावळेराम गाडी घेऊन आला होता, पण त्यानं ट्रंकेला हात लावला नाही.

"मास्तर, आज बाजारात नगं," तो म्हणाला.

"का रे?"

"त्यो गोंडेवाला व्हता बगा म्होरं. भिवा त्याचं नाव. हितनं दोन कोसावर वाडी हाय त्याची. त्यो गेला."

"कशानं?"

सावळेराम बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पेवात."

त्यानं सांगितलं ते असं. बाजारानंतर चौथ्या दिवशी भिवानं पेव उघडलं. सोबत धाकटा भाऊ रामा आणि बायको सोजर होती. दिवा आत सोडला, तो विझला. रामा म्हणाला, नारळ ठेवू, उद्या बघू. भिवा हसला. "आरं, कोन बसत न्हाई आत. मास्तरानं सांगितलंय. जांभई दिली त्येनं, आता जागं झालं." असं म्हणून तो दोर धरून उतरला. आतून काही आवाज आला नाही. रामा त्याच्यामागे उतरायला धावला, तेव्हा सोजरनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सोडलंच नाही. आत काहीतरी बसलंय, ते याला पण घेईल, असं ती ओरडत होती. माणसं गोळा झाली, त्यांनी पेवाचं तोंड फोडून मोठं केलं, घोंगड्यांनी वारा घातला आणि मग भिवाला वर काढलं. तोवर सगळं संपलं होतं.

जी भीती मी हसून उडवली होती, ती त्या बाईच्या मनात शिल्लक होती म्हणून रामा वाचला. भिवाच्या मनातली मी काढून टाकली होती, आणि तिच्या जागी जे ठेवायचं ते ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी मी वाडीला गेलो नाही. खरं सांगतो, माझं धाडस झालं नाही. पुढच्या गाडीनं नगरला परतलो. रविवारी उपासनेला गेलो. आमच्यात पापाची कबुली सगळे मिळून एका सुरात म्हणतात. दर रविवारी मी ती म्हणत आलो होतो, पण त्या दिवशी मला ती सोय वाटली. माझा आवाज इतरांच्यात मिसळून जात होता आणि कुणाला काही कळत नव्हतं. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला सांगून काय होणार? जिला सांगायचं तिला सांगा." सोमवारी मी काष्टीची गाडी धरली. ट्रंक का घेतली ते मला माहीत नाही. तिच्याशिवाय त्या बाजूला कधी गेलोच नव्हतो.

सावळेराम वाटेत एकदाच बोलला. "रामा तापट हाय. काय म्हनला तर वर बोलू नगा." भिवाचा दहावा होऊन गेला होता. घर बाहेरून बरं होतं, गोठ्यात बैलांची जोडी होती. एका बैलाच्या शिंगांना नवे गोंडे बांधलेले होते, दुसऱ्याच्या नव्हते. ओसरीवर रामा बसला होता. मला बघताच तो उठला.

"आता काय हासवाया आलाव?" तो म्हणाला. "या. बसा. जांभया दिऊन दावा."

मी उभाच राहिलो. सांगायचं ते आगगाडीत दहा वेळा जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी म्हणालो, "मी त्या दिवशी सांगितलं ते खोटं होतं. गंमत म्हणून. त्याच्यानंतर खरं सांगायची माझी रीत आहे. त्या दिवशी सांगितलं नाही. मला वेळ होता, तरी सांगितलं नाही."

रामा माझ्या अंगावर आला असता. पण दाराआडून आवाज आला, "भावजी, ऱ्हाऊ द्या." आणि सोजर बाहेर आली. लहानखुरी बाई होती, कपाळ मोकळं, डोळे कोरडे. ती दाराच्या चौकटीला टेकून बसली.

"बाजारातनं आले त्या दिशी जेवताना त्येंनी समदं सांगितलं," ती म्हणाली. "तुमी कसं त्वांड वासलं ते करून दावलं. पोरं हासून हासून पडली. मी बी हासले, मास्तर. मला बी खरं वाटलं. पर पेवाच्या तोंडाशी उभी ऱ्हायले तवा भ्या वाटलं."

रामाचा हात अंगावर पडला असता तरी लागलं नसतं इतकं तिचं ते "मी बी हासले" मला लागलं. ती माझ्या पापात स्वतःचा वाटा काढून घेत होती, आणि तो तिचा मुळीच नव्हता. मी तसं म्हणालो. तिनं ते ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

"मंग खरं काय हाय?" तिनं विचारलं. "पेवात कोन बसतंय?"

"कुणी बसत नाही. वायू असतो."

"दावा."

सावळेरामनं न सांगता ट्रंक आणली. मी एक उभट पातेलं मागितलं आणि मेणबत्ती काढायला लागलो, तेव्हा ती आत जाऊन पातेलं आणि घरातली चिमणी घेऊन आली. काचेशिवायचा रॉकेलचा तो लहान दिवा. तिच्या कडीला दोरीचा तुकडा तसाच होता. हाच दिवा पेवात सोडला होता. मी तो पेटवून पातेल्याच्या तळाशी ठेवला. पेल्यात मूठभर सोडा घातला, वर लिंबं पिळली. फेस चढला आणि बसला. मग पेला पातेल्यावर तिरका धरला, आतला रस पडू न देता. पेल्यातून काहीच पडताना दिसत नव्हतं. ज्योत लवली, आखूड झाली आणि गेली.

रामा जवळ येऊन उभा राहिला होता.

सोजरनं माझ्या हातातली काडेपेटी घेतली. काडी ओढली आणि चिमणी लावायला हात पातेल्यात नेला. वातीपर्यंत पोचायच्या आत काडी विझली. तिनं दुसरी ओढली. तीही काठाखाली जाताच विझली.

"आजून हाय आत," ती म्हणाली.

"आहे. तो जड असतो, आपोआप लवकर निघत नाही. वारा घालावा लागतो."

तिनं पदराचं टोक धरून पातेल्यात जोरजोरानं वारा घातला. मग तिसरी काडी ओढली. ती वातीपर्यंत जळत गेली आणि चिमणी लागली. सोजर त्या ज्योतीकडे बघत राहिली. मी सांगत होतो, की पेवातही असंच. दिवा विझला तर उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवायचं, घोंगडी आत-बाहेर करून वारा घालायचा, पुन्हा दिवा सोडायचा, आणि तो तळापर्यंत जळत राहिला तरच पाय टाकायचा. रामानं एकदोन गोष्टी विचारल्या. त्याचा आवाज खाली आला होता. शेजारची काही माणसं कुंपणापाशी येऊन ऐकत होती. कुणी हसत नव्हतं, आणि कुणी जातही नव्हतं.

माझं बोलून झालं. सोजरनं विचारलं, "यवढंच हाय व्हय?"

"एवढंच."

"त्या दिशी हे सांगाया किती येळ लागला आसता?"

मी सबब शोधली नाही. "पाच मिनिटं," म्हणालो.

तिनं मान हलवली. चिमणी पातेल्यातून काढली, फुंकर मारून विझवली आणि उठली.

"मंग तेवढा येळ त्ये उभे ऱ्हायले आसते," ती म्हणाली, आणि आत गेली.